ओव्याच्या धुरात अडकलेली रात्र: बाळंतपणातली भीती वासातून परत का येते

धाकट्या बहिणीचं बाळंतपण माहेरी, यावल तालुक्यातल्या आमच्या गावी झालं. पाचवी पुजून झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी डिंकाच्या लाडवांचा डबा आणि बाळाची झबली-टोपडी घेऊन पोचले. ओट्यावर चपला काढल्या, खोलीचा पडदा बाजूला केला आणि आतून ओव्याच्या धुरीचा वास आला.

गुडघेच गेले माझे. हात गार पडले, कानांत घूं आवाज भरला आणि मांडीवरून काहीतरी गरम ओघळतंय असं इतकं खरं वाटलं की मी भिंतीकडे वळून साडी चाचपून पाहिली. साडी कोरडी होती. डबा तिथेच ठेवून मी अंगणातल्या नळापाशी जाऊन उभी राहिले. आई मागोमाग आली. "काय झालं वं बाई? पांढरीफटक पडली तू." मी म्हटलं, काही नाही, गाडीत मळमळलं.

मला त्या क्षणी काहीच आठवलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. आधी अंगानं ओळखलं, आठवण मागून आली. तोंडावर पाणी मारताना ती रात्र डोळ्यांपुढे उभी राहिली. सहा वर्षांपूर्वी ह्याच खोलीत, ह्याच बाजेवर, माझ्या बाळंतपणाची नववी रात्र. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा, आणि अंगाखालची गोधडी ओली होत चाललेली. रक्त थांबत नव्हतं. भावानं शेजाऱ्यांची गाडी काढली, आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ती "डोळे उघडे ठेव, डोळे उघडे ठेव" एवढंच म्हणत राहिली. वारेचा एक तुकडा आत राहून गेला होता. प्रसूतीनंतर 24 तासांपासून 12 आठवड्यांपर्यंत कधीही असा उशिराचा रक्तस्राव होऊ शकतो, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पिशवी साफ केली, रक्त चढवलं, मी वाचले. बारसं लांबलं, पण झालं. त्या रात्रीबद्दल घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी फळ्यावर मेंदूची आकृती काढते, बाण दाखवते, नावं लिहिते. तरी त्या दिवशी नळापाशी माझ्या मनात एकच विचार होता, की मला वेड लागतंय. ज्या बायकांनी मेंदूची आकृती कधी पाहिलीच नाही, त्यांना असं झाल्यावर काय वाटत असेल? त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे.

अंग आधी का ओळखतं

डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, कातडीला जाणवलेलं, ह्या सगळ्या खबरा मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस नावाच्या भागात येतात आणि तिथून पुढच्या भागांकडे रवाना होतात. आपल्याकडे गाड्या जशा भुसावळ जंक्शनला येऊन पुढे इटारसीकडे, नागपूरकडे, मनमाडकडे फुटतात, तसंच. एका वासाची गाडी मात्र जंक्शनात न थांबता निघते. नाकाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या तळाशी, वास ओळखणारा एक छोटा कंद असतो. त्या कंदातून निघालेले तंतू थेट अमिग्डाला नावाच्या भागाकडे आणि आठवणी साठवणाऱ्या भागाच्या शेजाराकडे जातात. म्हणून वासाला शब्द सापडायच्या आधीच त्याच्याबरोबरची भावना जागी होते. "हा कसला वास बरं?" असा प्रश्न मनात येईपर्यंत छातीत धडधड सुरू झालेली असते.

अमिग्डाला म्हणजे बदामाच्या आकाराचा एक छोटा पुंजका, मेंदूत दोन्ही बाजूंना एकेक. नावाचा अर्थही ग्रीक भाषेत बदाम असाच. त्याच्याकडे धोका ओळखायचं काम आहे. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळ्यावर राखणदार बसतो, तो डोळ्यांसमोर आणा. एका रात्री कणसांत खरंच रानडुकरं घुसली आणि तो थोडक्यात वाचला. त्यानंतर पानं सळसळली तरी तो डबा बडवायला लागतो. त्याला चूक म्हणता येत नाही. डुकरं एकदा आली होती हे खरं आहे. आणि राखणदारानं "आधी खात्री करून घेऊ" म्हणत बसायचं ठरवलं, तर पीक हातचं जाईल. तो विचार करायला बसलेलाच नाही, ओरडायला बसलाय.

अमिग्डालाच्या शेजारी हिप्पोकॅम्पस असतो. आठवणीला ठिकाण आणि वेळ जोडणं हे त्याचं मोठं काम. पोस्टात पाकिटावर गाव आणि तारखेचा शिक्का बसतो, तसा. शिक्का बसला की आठवण 'तेव्हाची' होते. लग्नातली फजिती आठवून आज आपण हसतो, कारण ती तेव्हाची आहे हे आतून पक्कं माहीत असतं.

जिवावर बेतलेल्या घटकेत मात्र अंगात ताणाची रसायनं उसळतात. त्यांच्या जोरावर राखणदाराचं काम जास्त तीव्र होतं, म्हणून वास, आवाज, स्पर्श यांचे सुटे सुटे तुकडे फार खोल कोरले जातात. त्याच वेळी हिप्पोकॅम्पसची नेहमीची शिस्त कोलमडते. तुकडे राहतात, त्यांना बांधणारी गोष्ट राहत नाही, आणि शिक्का अर्धवट बसतो. अशी आठवण पुढे कधीही निघाली की ती आजची टपाल म्हणून हातात पडते. मला मांडीवर ओल लागली ती ह्यामुळे. सहा वर्षांपूर्वीची ओल होती, पण तिच्यावर तारीख नव्हती.

वास आणि भीती एकमेकांना चिकटतात कशा, हे शाळेतल्या पुस्तकातही असतं. रशियाच्या इव्हान पाव्हलॉव्ह यांना 1904 साली नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी, पण लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांचे कुत्रे. खाणं देण्याआधी रोज एक ठरावीक खूण केली, तर काही दिवसांनी नुसत्या खुणेनं कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. खाण्याच्या बाबतीत ही जोडी जमायला पुष्कळ खेपा लागतात. जिवाच्या भीतीला एकच खेप पुरते.

आणि ही भीती एका जागी थांबत नाही, पसरते. आधी फक्त ओव्याची धुरी, मग शेगडीतला कोळसा, मग कुठलाही धूर. त्याच थंडीत शेतात भरिताचा बेत होता. बांधावर कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजत होते, सगळं गणगोत भोवती बसलं होतं, आणि मी विहिरीपलीकडे मुलीचा हात धरून उभी. मला धुराची ॲलर्जी आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खोटं बोलत होते असं नाही, मलाही तसंच वाटत होतं.

मायेच्याच वस्तू

परदेशातल्या लेखांत ह्या विषयावर वाचलं की बहुतेक दवाखान्याचे वास येतात. स्पिरिट, जंतुनाशक, रबराचे हातमोजे. ते आपल्याकडेही खरं आहेच. पण आपल्या बाळंतिणीची गोष्ट तिथे संपत नाही, आणि मला ह्या लेखात सांगायचं आहे ते हेच.

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला चहूबाजूंनी वासांत, चवींत आणि उबेत गुंडाळून ठेवतात. ओवा-बाळंतशेपांची धुरी, वेखंड, शेक, कोमट तिळाच्या तेलाचं मालीश, कानांना बांधलेला रुमाल, अळिवाची खीर, मेथी-डिंकाचे लाडू, बाळंतकाढा, जेवणानंतर हातावर ठेवलेला भाजका बाळंतशेपा. धुरीची पद्धत आजची नाही, काश्यपसंहितेत धूपावर अख्खा अध्याय आहे. एवढ्या ठळक, रोज त्याच वेळी, त्याच हातांनी मिळणाऱ्या संवेदना एरवीच्या आयुष्यात कुठे असतात? ह्याच काळात काही भयंकर घडलं, रक्त गेलं, ताप चढून शुद्ध हरपली, बाळाला रात्री उचलून काचेच्या पेटीत ठेवायला न्यावं लागलं, तर राखणदाराच्या हाताला खुणा म्हणून लागतात त्या ह्याच वस्तू. मायेच्या.

मग होतं असं. दुसऱ्या खेपेला आई अळिवाची खीर करून आणते आणि लेकीला ती वाटी समोर धरवत नाही. पोटात गोळा येतो, घाम फुटतो. तिचं तिलाच कळत नाही, तर ती सांगणार काय? "नको" एवढंच म्हणते. आईला वाटतं, लेक शहाणी झाली, आमच्या हातचं नको झालं. सासरी म्हणतात नखरे. कुठे म्हणतात बाहेरचं आहे, आसरा लागल्या, उतारा टाका. दवाखान्याची भीती कुणालाही पटते. आईच्या शेगडीची भीती कुणाला पटत नाही, आणि त्या बाईलाही ती बोलून दाखवायची लाज वाटते. प्रेमाच्या माणसावर संशय घेतल्यासारखं वाटतं.

संशय नसतो तो. शेगडी आणि रक्त एका वेळी एका खोलीत होते, बस्स. मेंदूनं त्यांची गाठ मारली. आईचा त्यात काही दोष नाही, लेकीचाही नाही.

(शेगडीवरून आठवलं म्हणून सांगून ठेवते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो, आणि धूर तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही. ऊब द्यायला जाड गोधडी आणि आईचं अंग पुरतं.)

नाकाशिवायचे दरवाजे

वास सगळ्यांत जोरात धक्का देतो, पण बाकीच्या इंद्रियांनाही आपापले दरवाजे आहेत. बायकांशी बोलताना कळलेल्या काही गोष्टी, कुणाची ओळख न देता सांगते. एकीला स्टीलच्या ट्रेमध्ये चमचा पडल्याचा आवाज सहन होत नाही. सिझरच्या वेळी भूल पूर्ण चढली नव्हती आणि हत्यारं ठेवल्याचे आवाज ती मोजत होती. एकीला पंखा बंद पडला की घाबरायला होतं. तिच्या बाळाला ऑक्सिजन लावला होता आणि नेमकी लाइट गेली होती. परकराची नाडी टाक्यांच्या जागी काचली की तिसरीचा श्वास अडकतो. पाठीवर निजून पाय वर घ्यायचे म्हणून तांबी बसवायला जाण्याचं एकजण तीन वर्षं टाळतेय.

एक दरवाजा फार कमी बोलला जातो तो म्हणजे पाळी. बाळंतपणात खूप रक्त गेलेल्या बाईला पाळी परत सुरू होते तेव्हा तीच ऊब, तीच ओल, तोच वास. काहींना दर महिन्याला त्या दोन दिवसांत झोप लागत नाही आणि ते पाळीचं दुखणं समजून सोडून दिलं जातं.

आतून येणाऱ्या जाणिवाही मोजा. जिना चढताना छाती धडधडली, उपाशीपोटी चक्कर आली, की अंगाला ती घटका आठवते, कारण तेव्हाही अशीच धडधड आणि अशीच चक्कर होती. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या काही पाड्यांवरून अजूनही बाळंतपणाला अडलेल्या बाईला बांबूला चादर बांधून, झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत खाली आणावं लागतं. तोल आणि हेलकावा कळणारी जाणीव कानाच्या आतल्या भागात असते, आणि तीही लक्षात ठेवते. त्याच घरात पुढे बाळाला निजवायचं ते कापडाच्या झोळीतच. त्या झोळीचा हेलकावा पाहून आई तोंड फिरवत असेल, तर बाळावर तिची माया नाही असा निकाल देण्याआधी तिला विचारा, तुला खाली कसं आणलं होतं?

तारखाही ट्रिगर असतात, म्हणजे भीती जागी करणाऱ्या खुणा. बाळाचा वाढदिवस हा सगळ्या घराचा आनंदाचा दिवस. त्याच दिवशी आई कारण नसताना चिडचिडी, गप्प. पौषातली थंडी, मे महिन्यातली जळगावची लाही लाही, जी हवा तेव्हा होती ती परत आली की अंगाला चाहूल लागते.

याला नाव आहे

प्रत्येक अवघड बाळंतपणाची आठवण म्हणजे आजार नव्हे. पहिले काही आठवडे दचकणं, रडू येणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं, हे बहुतेकींना होतं आणि बहुतेकींचं ते आपोआप ओसरतं. एक महिन्यानंतरही चालूच राहिलं, आणि त्यानं झोप, बाळाचं करणं, नवरा-बायकोचं नातं किंवा घराबाहेर पडणं अडायला लागलं, तर त्याला पीटीएसडी म्हणतात, आघातानंतरचा ताणविकार. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 1980 साली आपल्या अधिकृत यादीत हे निदान घेतलं, तेव्हा चर्चा होती व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांची. बाळंतिणींकडे लक्ष जायला आणखी काही वर्षं गेली. 2017 साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात सर्वसाधारण बाळंतिणींपैकी 100 मागे सुमारे 4 जणींना आणि गुंतागुंत झालेल्या किंवा आधीपासून धोका असलेल्या गटांत 100 मागे 18 ते 19 जणींना हा त्रास आढळला.

लक्षणं चार प्रकारची. नको असताना आठवण घुसणं, स्वप्नात किंवा जागेपणी. आठवण करून देणारं सगळं टाळणं. स्वतःबद्दल वाईट वाटत राहणं, "माझंच चुकलं", कशात जीव न लागणं. आणि अंग कायम सावध राहणं, म्हणजे दचकणं, झोप न येणं, बाळाचा श्वास चालू आहे का हे रात्रीतून दहा वेळा पाहणं. बाळंतपणानंतरच्या उदासीहून हे वेगळं आहे, जरी पुष्कळदा दोन्ही जोडीनं येतात. उदासी तपासायला 1987 पासून एडिंबरा प्रश्नावली वापरतात, दहा प्रश्नांची. तिचा उपयोग मोठा आहे, पण ती विचारते मनःस्थितीबद्दल. "कसला वास आला की तुम्हाला पळून जावंसं वाटतं?" असं ती विचारत नाही.

हा प्रश्न विचारायची जागा आपल्याकडे आहे. आशाताई नवजात बाळाच्या तपासणीसाठी घरी येतात, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, अशा सहा खेपा. बाळाचं वजन होतं, ताप पाहिला जातो, आईला रक्तस्रावाबद्दल विचारलं जातं. एवढ्यात आणखी एकच वाक्य घालावं: "त्या दिवसाचं काही परत परत येतं का हो ताई?" घरच्यांना जरा बाहेर पाठवून विचारावं. मला वाटतं, पुष्कळ दारं एवढ्यानं उघडतील.

काय करायचं

त्या घटकेला काय करावं ते आधी. राखणदाराशी वाद घालून उपयोग नसतो, "घाबरू नकोस" म्हटल्यानं कुणाची धडधड थांबलेली नाही. त्याला आजचे पुरावे द्यायचे. पाय जमिनीवर टेकवा, फरशीचा गारवा जाणवू द्या. मनगटावर गार पाणी. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, सावकाश सोडलेल्या श्वासानं धडधड उतरते. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या. आणि तारीख मोठ्यानं बोला. वार, महिना, साल, बाळाचं आजचं वय. ज्या आठवणीवर शिक्का नाही, तिच्यावर आपण आपल्या हातानं शिक्का मारायचा.

घरच्यांनी "बाळ सुखरूप आहे ना, मग झालं तर" हे वाक्य तेवढं तोंडात आणू नये. म्हणणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. ऐकणारीला मात्र त्यातून कळतं की आपलं जवळजवळ मरणं हिशेबात धरलेलं नाही. त्याऐवजी शेजारी बसावं, हात लावण्याआधी विचारावं, आणि शेगडी, वाटी, जे काही निमित्त असेल ते तूर्त मुकाट्यानं बाजूला न्यावं.

तूर्तच, कायमचं नाही. टाळण्यानं भीती दर खेपेला पक्की होते, कारण "टाळलं म्हणून वाचलो" हा हिशेब राखणदार मांडून ठेवतो. आणि दुसऱ्या टोकाला, बळंच धुरीच्या खोलीत बसवून "जाईल सवयीनं" म्हणणं ही क्रूरता आहे. मधला रस्ता प्रशिक्षित माणसाच्या सोबतीनं चालायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 साली मोठ्या माणसांच्या पीटीएसडीसाठी सुचवलेल्या उपचारांत हे दोन आहेत, आघातावर बेतलेली संज्ञानात्मक वर्तन चिकित्सा (विचार आणि वागणं यांवर बोलून केलेला उपचार) आणि ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून डोळ्यांच्या हालचालींसारख्या पद्धती वापरतात. दोन्हींत गाभा एकच: सुरक्षित जागी, बेताबेतानं ती आठवण हाताळायची, म्हणजे तुटके तुकडे जोडून त्यांची एक गोष्ट होते आणि ती भूतकाळात जाऊन बसते. लागलीच तर औषधंही आहेत, आणि त्यांतली काही अंगावर पाजत असताना चालतात. ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं, भीतीनं नाकारायचं नाही.

माझ्या बाबतीत सुरुवात झाली ओव्याच्या डबीपासून. जळगावला एका समुपदेशकांकडे जात होते. त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं, घरात ओवा कुठे ठेवता? मी सांगायला गेले आणि लक्षात आलं, माझ्या मिसळणाच्या डब्यात ओवा नव्हताच. सहा वर्षं भज्यांत ओवा नव्हता. कुणी विचारलं तर मी म्हणायचे, ओव्यानं मला पित्त होतं. ओव्यानं! जो पोट दुखलं की चिमूटभर चावायला देतात तो.

पहिल्या आठवड्यात ओव्याची पुडी बंदच, ओट्यावर, दिवसाउजेडी, नवरा शेजारी. मग पुडी उघडी, दोन हात लांब. मग दोन दाणे तळहातावर. हातावर चोळून नाकाशी न्यायला मला पाचवा आठवडा उजाडला. त्या दिवशी रडू आलं, पण गुडघे गेले नाहीत. अकराव्या आठवड्यात भज्यांत ओवा पडला. जुनी गाठ पुसली गेली असं समजू नका, संशोधन सांगतं की जुनं शिकणं राहतंच, त्याच्यावर नवं शिकणं बसतं. म्हणून ओळखीच्या स्वयंपाकघरात जमलेलं माहेरच्या खोलीत एखाद्या वेळी फसतं. माझंही फसलं. परत मागच्या पायरीवर जायचं, एवढंच.

पुढचं बाळंतपण किंवा नुसती तपासणी असेल तर आधीच सांगून ठेवा, "मागच्या वेळी असं झालं होतं, हात लावण्याआधी मला सांगा, थांबा म्हटलं की थांबा." कागदावर लिहून फाइलला लावलं तरी चालेल. बाळंतपणाच्या वेळी बाईनं निवडलेलं सोबतीचं माणूस जवळ असावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2018 ची शिफारस आहे, आणि सरकारी प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारायच्या 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतीण धरलेली आहे. मागायला संकोचू नका.

मदत कुठे? टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, क्रमांक 14416, फुकट, रात्री-अपरात्रीही, मराठीतही बोलता येतं. जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत.

दोन गोष्टींत मात्र वाट पाहू नका. नव्यानं बाळंत झालेल्या बाईला खरंच जास्त रक्त जात असेल, ताप असेल, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला घाण वास येत असेल, तर "तिच्या मनाचे खेळ आहेत" म्हणून बसू नका. आधी शरीर तपासा, 108 ला फोन लावा. माझं रक्तही घरात अर्धा तास "होतं तेवढं" म्हणून पाहिलं गेलं होतं. आणि बाई भलतंच बडबडायला लागली, नसलेलं दिसायला-ऐकू यायला लागलं, दिवस-रात्र झोपेना, स्वतःला किंवा बाळाला संपवायचं बोलू लागली, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार असू शकतो. तिला एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

एक राहिलं. ही भीती फक्त बाळंतिणीला चिकटत नाही. समोर उभं राहून पाहिलेल्या माणसालाही चिकटते, नवऱ्याला, सुईणीला, आईला. हे मी वाचलं होतं, तरी आईकडे त्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. बहिणीच्या बाळंतपणाला चार वर्षं झाली. गेल्या सुट्टीत भजी तळताना मी आईला ओव्याची सगळी हकीकत सांगितली. ती झारा हातात धरून ऐकत होती. मग म्हणाली, "रातच्याला गाडी वाजली का मी उठते अन् तुझ्या बाजेकडे जाते अजून. हात लावून पाहते. कोरडी असते बाज." दहा वर्षं. आम्हाला वाटायचं, म्हातारपणानं झोप कमी झाली.

मी गॅस बंद केला. तिचा हात धरला आणि मला शिकवलं होतं तसंच तिला म्हटलं, "आई, आज शनिवार आहे. नात तुझी पाचवीत गेली. ती बघ, अंगणात लंगडी खेळतेय."

आईनं वळून अंगणाकडे पाहिलं.